पिशवी

माझ्या एका कादंबरीत एक बाई विहिरीत उडी घेते. लग्नाला अकरा वर्षे झालेली, कूस उजवलेली नाही, नवरा दुसरी करून आणतो, आणि एका अवसेच्या पहाटे ही घागर घेऊन जाते ती परत येत नाही. ते प्रकरण वाचून रडू आले, असे पुष्कळ जणींनी मला कळवले. मी सुखावले. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले की लिहिणाऱ्याला वाटते, आपण काहीतरी खरे लिहिले. ते तसे असतेच असे नाही. हे मला फार उशिरा, आणि तेही माझ्याच एका विद्यार्थिनीने शिकवले.

ती मुलगी माझ्याकडे चौथीपर्यंत होती. तिचे नाव मी इथे लिहीत नाही. आमच्या हिंजवडीत नाव लिहिणे म्हणजे दाराला पाटी लावण्यासारखेच आहे. २०१७ सालच्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, एका दुपारी ती आईला घेऊन आली. खरे म्हणजे आईनेच तिला आणले होते. आईच्या हातात घडी घालघालून मऊ झालेले वर्तमानपत्र होते. मुलगी उंबऱ्याशीच उभी राहिली, भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघत.

"बाई, हे जरा नीट वाचून दाखवा," आई म्हणाली. "मला समजलंय ते खरं हाय का तेवढं सांगा."

बातमी पुण्याचीच होती. १८ मे २०१७ रोजी गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉक्टर शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोलापूरकडच्या एका २१ वर्षांच्या मुलीच्या पोटात गर्भाशयाचे रोपण केले होते. तिला जन्मतःच गर्भाशय नव्हते. ज्या गर्भाशयात ती स्वतः वाढली, तेच तिच्या आईने तिला दिले होते. भारतात असे पहिल्यांदाच घडत होते. मी वाचून संपवले, तरी त्या माउलीचे डोळे माझ्या तोंडावरून हलेनात.

"म्हंजे खरं हाय," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "हिला अजून शिवायचं आलं नाही. सतरा भरली. सोनोग्राफी केली, तर म्हणत्यात हिला पिशवीच नाही. बाई, माझी घ्या म्हणावं. मला आता काय करायचीय?"

पिशवी! आमच्या बायकांचा हा शब्द मला तोवर कधी टोचला नव्हता. बाजाराची पिशवी, दुधाची पिशवी, आणि ही. एकीची आणलेली दुसरीने न्यावी, इतक्या साधेपणाने ती बोलत होती.

सोनोग्राफी झाली त्या ठिकाणच्या डॉक्टरांनी केबिनच्या दारातच सांगून टाकले होते, "हिला गर्भपिशवी नाही. लग्नाबिग्नाचं मनात आणू नका." अर्ध्या मिनिटाचे काम. बाहेर बाकावर आणखी चार जणी बसलेल्या होत्या. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट त्यांच्या आळीत पोचली.

मी त्या दोघींबरोबर दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. तिथल्या कागदांवरचे मला काय कळणार? पण शाळेतल्या बाई बरोबर असल्या की डॉक्टर नीट बोलतात, असा आमच्याकडे समज आहे. या बाई मात्र माझ्यामुळे नीट बोलल्या असे नाही. त्यांनी आधी आम्हां दोघींना बाहेर पाठवले आणि मुलीशी एकटीशीच अर्धा तास बोलत बसल्या. मग आम्हांला बोलावून कोऱ्या कागदावर पेन्सिलीने चित्र काढले.

त्यांनी सांगितले ते मला समजले तसे सांगते. आईच्या पोटात मूल दीडेक महिन्याचे असते, तेव्हा त्याच्या अंगात डावी नि उजवी अशा दोन बारीक नळ्या तयार होऊ लागतात. मुलगी असेल तर त्या खाली उतरत मधोमध येतात आणि एकमेकींना मिळतात. आमच्या मुळा नि मुठा संगमावर मिळतात तशाच. मिळाल्यावर दोघींच्या मधली भिंत हळूहळू विरते. वरची न जुळलेली टोके म्हणजे बीजवाहिन्या, आणि जुळलेला प्रवाह म्हणजे गर्भाशय आणि त्याच्याखालच्या मार्गाचा वरचा भाग.

आता नद्याच त्या. कधी दोघी मिळतात पण मधली भिंत तशीच राहते. कधी मिळतच नाहीत, आणि एकीच्या जागी दोन गर्भाशये होतात. कधी दोहोंतली एक बाजू खाली बंद असते. अशा मुलीला पाळी येते, पण बंद बाजूचे रक्त आतच साठत जाते. दर महिन्याला पोट जास्तच दुखते, आणि घरातले नि शाळेतले म्हणतात, सगळ्यांनाच दुखते, नखरे नकोत. हे ऐकताना माझी मान खाली गेली. वर्गात पोट धरून बसलेल्या किती जणींना मी हेच म्हणाले असेन! आणि कधी या नद्या निम्म्या वाटेवरच आटून जातात. आमच्या मुलीचे तसे झाले होते.

मात्र बीजकोशांचा उगम निराळा. ते तिच्या ठिकाणी दोन्ही होते, आणि आपले काम बिनचूक करत होते. म्हणून ती चारचौघींसारखीच वाढली, भरली. कोणाच्या नजरेने हेरावे असे काही नव्हते. डॉक्टरीणबाईंनी मूत्रपिंडांचीही तपासणी सांगितली. दोन्ही अवयवांची घडण शेजारी शेजारी होते, आणि अशा काही जणींना मूत्रपिंडही एकच असते. हिची दोन्ही जागेवर होती.

कागदावर या अवस्थेचे नाव लिहिलेले होते, ते मी अक्षर अक्षर लावून वाचले. मायर, रोकिटान्स्की, कुस्टर, हाउझर. हे चार डॉक्टर. पहिल्याने १८२९ साली लिहिले, शेवटच्याने १९६१ साली. सुमारे साडेचार ते पाच हजार मुलींमागे एक अशी जन्मते. दुर्मिळच म्हणायचे. पण आपल्या एकट्या पुणे जिल्ह्याची लोकवस्ती मोजली, तर अशा शेकडो जणी आपल्यात वावरत असतील. त्या बसमध्ये शेजारी बसतात, हळदीकुंकवाला येतात, आणि गप्प असतात. चार डॉक्टरांची नावे त्या अवस्थेला मिळाली. ज्या बाईला ती असते, तिला आमच्या भाषेने एकच नाव ठेवले. ते मीही माझ्या पुस्तकात किती वेळा वापरले होते, ते नंतर मोजले. सदतीस वेळा.

"मग माझी देता येईल का?" आईने पुन्हा विचारले.

डॉक्टरीणबाई तिला हसल्या नाहीत. स्वीडनमध्ये गोथेनबर्ग येथे मॅट्स ब्रॅनस्ट्रॉम यांच्या हाताखाली असे रोपण झालेल्या एका बाईला २०१४ च्या सप्टेंबरात जगातले पहिले मूल झाले. तिलाही जन्मतः गर्भाशय नव्हते, आणि ते देणारी तिची ६१ वर्षांची मैत्रीण होती. त्या स्वीडनमधल्या शस्त्रक्रियांत देणारीचे पोट उघडून एकेक बारीक रक्तवाहिनी सोडवायला दहा ते तेरा तास लागत. पुण्याच्या डॉक्टरांनी हे सोडवण्याचे काम दुर्बिणीने केले. पोटावर लहान लहान छिद्रे पाडून आत दिवा नि अवजारे न्यायची, पडद्यावर बघत काम करायचे, आणि शेवटी ओटीपोटावरच्या लहानशा छेदातून गर्भाशय बाहेर घ्यायचे. त्यामुळे देणाऱ्या आईचे हाल पुष्कळच कमी झाले.

हे दुर्बिणीचे शास्त्र आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत वाढले. जर्मनीत कील येथे कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञाने १९८० साली दुर्बिणीने आंत्रपुच्छ काढले, तेव्हा त्याच्याच व्यवसायबंधूंनी त्याची टर उडवली होती. मुंबईला जे. जे. रुग्णालयात डॉक्टर तेहेमटन उदवाडियांनी १९९० साली दुर्बिणीने पित्ताशय काढले. भारतातले ते पहिले. बहुधा बेंबीजवळूनच आत शिरतात. आईच्या पोटात ज्या वाटेने आपल्याला अन्न पोचत होते, त्या कायमच्या बुजलेल्या वाटेशेजारून. बोटाच्या पेरभराहून लहान छिद्र. मधली भिंत राहिलेली असेल तर तेवढेही लागत नाही. शरीराच्या स्वतःच्याच वाटेने बारीक दुर्बीण नेऊन ती कापतात. पूर्वी त्यासाठी पोट आणि गर्भाशय दोन्ही उघडीत.

"पण," डॉक्टरीणबाई पेन्सिल खाली ठेवून म्हणाल्या, "ताई, ते गर्भाशय तिच्या नळ्यांना जोडता येत नाही. मूल हवं असेल तर बीज बाहेर फळवून आत सोडावं लागतं. दुसऱ्याचा अवयव शरीरानं झिडकारू नये म्हणून कडक औषधं घ्यावी लागतात. एकदोन मुलं झाली की तो पुन्हा काढून टाकावा लागतो. आणि ती आज सतरा वर्षांची आहे. तिला अजून मूल नको आहे. बारावीचा निकाल हवा आहे."

मुलगी तेव्हा पहिल्यांदा हसली.

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. ती सांगताना आईने पदर तोंडाशी नेला, मीही पंख्याकडे बघत राहिले. मुलगी तेवढी सरळ बघत होती. संसारसुखासाठी लागणारा मार्गही अशा मुलींमध्ये पुरता बनलेला नसतो. तो करता येतो. लंडनच्या मॅकिंडो यांनी १९३८ साली मांडीची त्वचा घेऊन तो करण्याची रीत प्रसिद्ध केली. इटलीच्या व्हेकिएत्तींनी १९६५ साली एक निराळीच रीत काढली. एक गुळगुळीत मणी, त्याला दोन धागे, ते ओटीपोटातून बाहेर काढून वरच्या यंत्राला बांधायचे आणि रोज साधारण सेंटीमीटरभर ताणायचे. आठवड्याभरात मार्ग तयार. आता हे धागे दुर्बिणीतून ओवतात. पण सगळ्यांत आधी करायचा उपाय शस्त्रक्रिया नाहीच. मऊ टोकाच्या नळकांड्यांनी, रोज थोडा वेळ, काही महिने, स्वतःच्या हाताने हलका दाब देत गेले तर दहांतल्या नऊ जणींचे काम सुरीविनाच होते. अट एकच. ते तिला स्वतःला हवे असले पाहिजे, आणि हवे असेल तेव्हाच. आईच्या घाईसाठी नाही, लग्नाच्या तिथीसाठीही नाही.

परत येताना वाकडच्या पुलाजवळ गाड्यांच्या रांगेत रिक्षा तासभर अडकली. आई थकून झोपी गेली. मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तुमच्या पुस्तकातल्या त्या बाईला काय झालं होतं?"

"कोणत्या?"

"विहिरीतल्या. म्हणजे तिला पिशवी नव्हती, की नळ्या बंद होत्या, की नवऱ्यातच काही होतं? तिला कोणी दाखवलंच नाही का कुठं?"

मला उत्तर देता येईना. दोनशे पाने त्या बाईच्या मागे हिंडले होते मी. तिच्या लुगड्याचा रंग मला माहीत होता, तिच्या सासूच्या शिव्या पाठ होत्या. तिला काय झाले आहे, हे मला ठाऊक नव्हते. ते मी ठरवलेच नव्हते. तिने मरायचे, एवढे मात्र पहिल्या पानाच्या आधीच ठरवले होते.

"मी नववीत वाचलं," ती म्हणाली. "तेव्हा फार आवडलं होतं. आता डोळे मिटले की ती विहीर दिसते."

पुढे गाड्या हलल्या, भोंगे वाजू लागले आणि आई जागी झाली. मी तेवढ्यावर सुटले.

आमच्या म्हातोबाचे बगाड चैत्री पौर्णिमेला निघते. हिंजवडीहून वाकडला. ठरलेल्या घराण्यातल्या गळकऱ्याच्या पाठीत गळ टोचतात आणि त्याला बगाडावर चढवतात. लहानपणी मी डोळे झाकून घेत असे. पण तो मिरवणुकीनंतर अंगारा लावून घरी जातो, चार दिवसांत कामाला लागतो. गळाची जखम भरून येते. त्याच जत्रेत बायका एकमेकींना विचारत असतात, "पाळणा हलला का गं? नाही? देवाला काही बोललीस का?" त्या टोचण्याला अंगारा नाही. शस्त्रवैद्यांनी शंभर वर्षे खपून पोटावरचा वीतभर छेद अर्ध्या इंचावर आणला. आपला शब्द मात्र होता तेवढाच राहिला. तो अजून सबंध पोट फाडतो, आणि शिवतही नाही.

पुण्याच्या त्या रुग्णालयात १८ ऑक्टोबर २०१८ रोजी रोपण केलेल्या गर्भाशयातून मुलगी जन्मली. त्या दिवशी दसरा होता. वजन १४५० ग्रॅम. आशिया खंडातले असे ते पहिलेच मूल. ते झाले गुजरातेतल्या एका बाईला. तिचे गर्भाशय जन्मतः होते पण पुढे निकामी झाले होते, आणि तिलाही तिच्या आईनेच आपले दिले होते. मी सोने वाटायला त्यांच्या घरी गेले होते त्या संध्याकाळी दूरदर्शन संचावर ही बातमी लागली. आईने हातातली आपट्याची पाने तशीच ठेवून लेकीकडे बघितले.

"आई, नको," मुलगी म्हणाली. "तुझी तुझ्यापाशी असू दे. मी तिथं राहून आले ना एकदा!"

तिची आई हसता हसता रडली. मी त्या संध्याकाळी तिची ओटी भरायचे मनात आणले होते. खण, नारळ, तांदूळ पिशवीत नेलेही होते. पण कुमारिकेची ओटी कशी भरावी, म्हणून ते तसेच परत आणले. त्याचे मला आजही वाईट वाटते.

आता ती पंचविशी ओलांडून गेली आहे. इथल्याच एका कंपनीत नोकरी करते. बाविसाव्या वर्षी तिने आपण होऊन त्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन तो बिनसुरीचा उपाय सुरू केला आणि पुरा केला. मला एवढेच सांगितले, "बाई, तेवढं माझं मी केलं." गर्भाशय नसलेल्या विवाहितेला, पैशाचा व्यवहार न करता, दुसरीच्या उदरात आपले मूल वाढवण्याची वाट २०२१ च्या कायद्याने ठेवली आहे. दत्तकाची वाट तर आहेच. हे सगळे तिला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. मध्ये एक स्थळ आले. बोलणी पुढे गेली, तेव्हा तिने मुलाला एकट्याला गाठून सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले, चहाचे पैसे दिले, आणि पुन्हा फोन केला नाही. दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी कामावर गेली. गोष्ट एवढीच आहे. तिला मी गोड शेवट लावू शकत नाही, आणि विहीर तर नाहीच नाही.

एकदा तिच्या आईबरोबर गच्चीवर उभी होते. समोर फेज वनच्या काचेच्या इमारती उन्हात चमकत होत्या. त्यांतल्या एकीकडे बोट करून ती म्हणाली, "ते आमचं भाताचं खाचर. माझ्या सासऱ्यानं तिथं आंबेमोहर लावला होता." मग थोडे थांबून, "त्यात आता एक लोंबी येत नाही, बाई. पर त्या जमिनीला कुणी वांझ म्हणतंय का? उलट भाव वाढलाय." मी त्यावर काही बोलले नाही. हे वाक्य माझ्या कादंबरीत कुठेही नव्हते. असायला हवे होते.

यंदा प्रकाशकांनी कळवले, कादंबरीची नवी आवृत्ती काढायची आहे, काही दुरुस्त्या असतील तर करून द्या. शुद्धलेखनाच्या चुका मी एका बैठकीत काढल्या. ते सदतीस शब्द एकेक करून वाचले. जिथे सासू बोलते तिथे ते राहू दिले, कारण सासू तसेच बोलते. जिथे मी बोलले होते तिथून काढून टाकले. असे एकोणीस निघाले. शेवटच्या प्रकरणापाशी मात्र हात थांबला. छापून गेलेल्या बाईला परत जिवंत करण्याचा अधिकार लिहिणाऱ्याला आहे का? मला ठरवता येईना. शेवटी मी त्या मुलीला बोलावून घेतले आणि ती पाने तिच्यापुढे ठेवली.

"तूच सांग," मी म्हटले. "हिचं मी काय करू?"

तिने पाने चाळली. पहाट, अवस, घागर, पायवाट, सगळे वाचले. वाचून झाल्यावर म्हणाली, "जाऊ दे की विहिरीवर. पाणी तर घरात लागतंच. फक्त घागर भरून परत येऊ दे, बाई. मग बघू तिला काय झालंय ते."